अकरा चुका आणि चौऱ्याण्णव पाने

पत्र

सप्रेम नमस्कार.

मी निवृत्त शिक्षक आहे. आयुष्यभर मराठी आणि संस्कृत शिकवले. माझी १३ वर्षांची नात गेल्या महिन्यात एक जाडजूड कादंबरी घेऊन आली आणि म्हणाली, "आजोबा, हे माझं सगळ्यात आवडतं पुस्तक आहे. तुम्ही वाचा आणि कसं वाटलं ते मला सांगा." कुमारवयीन वाचकांसाठी लिहिलेली ही फॅन्टसी महाभारतातील नागांच्या कथांवर बेतलेली आहे. आपण अर्जुनाच्या नागपत्नीच्या, उलूपीच्या, वंशातल्या आहोत हे १४ वर्षांच्या नायिकेला कळते आणि ती पाण्याखालच्या नागलोकात जाते, अशी तिची सुरुवात आहे. मी पेन्सिल घेऊन वाचायला बसलो. ९४ पानांत मला ११ चुका सापडल्या. त्या एका कागदावर लिहून मी तिला दिल्या. तिने कागद वाचला, "बरं" म्हणाली आणि पुस्तक घेऊन गेली. त्यानंतर ती माझ्याशी सगळे बोलते, पण त्या पुस्तकाविषयी चकार शब्द काढत नाही.

असली पुस्तके वाचून मुलांना मूळ कथा कधीच कळणार नाही, ही माझी चिंता खोटी आहे का? मी न आवडलेल्या पुस्तकाचे खोटे कौतुक करावे का? तिच्या वाढदिवसाला महाभारताचे मराठी भाषांतर द्यावे असे मनात आहे. तुमचे मत कळवावे. चुकांची यादी सोबत जोडली आहे.

एक आजोबा

उत्तर

आदरणीय आजोबा,

तुमची यादी मी लक्षपूर्वक वाचली आणि तुम्ही नाव कळवलेली कादंबरीही मिळवून शेवटपर्यंत वाचली. म्हणून हे उत्तर थोडे उशिरा येत आहे. सर्वांत आधी एक गोष्ट सांगते. तुमच्या नातीने तुम्हाला "हे बरोबर आहे का" असे विचारले नव्हते, "कसं वाटलं" असे विचारले होते. तेरा वर्षांची मुलगी आपले सर्वांत आवडते पुस्तक घरातल्या सर्वांत व्यासंगी माणसाच्या हाती देते, तेव्हा त्या माणसाच्या मताची तिला मनापासून किंमत असते आणि त्याच कारणाने थोडी धाकधूकही असते. तिच्या हाती आला तो न विचारलेल्या प्रश्नाच्या उत्तराचा कागद, आणि तोही पुस्तकाचा जेमतेम चौथा हिस्सा वाचून लिहिलेला. ती तुमच्यावर रुसली आहे असे मला वाटत नाही, कारण बाकीचे सगळे ती तुमच्याशी बोलते आहे. हे पुस्तक आजोबांपासून दूर ठेवलेले बरे, एवढेच तिने ठरवले असावे, आणि ते बदलणे अजून पूर्णपणे तुमच्या हाती आहे.

तुमची चिंता खोटी नाही, म्हणून यादीकडे नीट पाहू. चौथा मुद्दा असा आहे, की मयसभेत दुर्योधन पाण्यात पडतो त्या प्रसंगी "आंधळ्याचा मुलगा आंधळा" हे द्रौपदीचे प्रसिद्ध वाक्य लेखिकेने गाळले आहे. या बाबतीत लेखिका मूळ संहितेला तुमच्यापेक्षा अधिक धरून आहे. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ मध्ये हाती घेतलेल्या आणि १९६६ मध्ये पूर्ण केलेल्या महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीत ते वाक्य द्रौपदीच्या तोंडी नाही. तिथे दुर्योधनाची फजिती पाहून भीम हसतो, सेवक हसतात, आणि द्रौपदीही इतर स्त्रियांसह हसली असे दुर्योधन पुढे आपल्या पित्याला सांगतो. ते बोचरे वाक्य नंतरच्या कोणा कथाकाराने घातले आणि ते इतके चपखल बसले, की आपण सर्वजण ते व्यासांचेच समजत आलो. मीही कित्येक वर्षे तसेच समजत होते. तुमच्यासारख्या जाणकाराच्या मनातसुद्धा मूळ कथा आणि तिची पुनर्कथने अशी एकजीव झालेली असतात, आणि त्यात मला काही वावगे वाटत नाही, कारण ही कथा आपल्यापर्यंत पोहोचली ती याच वाटेने. त्या आवृत्तीच्या संपादकांनी बाराशेहून अधिक हस्तलिखिते ताडून पाहिली. जे श्लोक मूळ संहितेत बसेनात तेही त्यांनी फेकून दिले नाहीत, तर पानाच्या तळाशी आणि परिशिष्टांत जपून ठेवले. पाठभेदांकडे पाहण्याची ती रीत मला फार मोलाची वाटते.

शकुंतलेचे उदाहरण तुम्ही वर्गात अनेकदा दिले असेल. आदिपर्वातील शकुंतला राजाकडून आधी वचन घेते, की माझाच मुलगा गादीवर बसेल. आणि पुढे भर दरबारात राजा तिला जाणूनबुजून नाकारतो, तेव्हा ती त्याला सत्याविषयी असे खडे बोल सुनावते की वाचणारा थक्क होतो. त्या कथेत अंगठीही नाही आणि दुर्वासांचा शापही नाही. ही दोन्ही भर कालिदासाची. त्याने राजाचा खोटेपणा विस्मृतीत बदलला आणि कथेचा सगळा भार हलवून टाकला. पेन्सिल हाती घेऊन शाकुंतल वाचले, तर पहिल्या काही अंकांतच चुकांची यादी अकराच्या पुढे जाईल. ही कादंबरी कालिदासाच्या तोडीची आहे असे मी मुळीच म्हणत नाही. पण केलेला बदल कथेला कुठे नेतो हे पाहून आपण कालिदासाला मान देतो, आणि कुमारांसाठी लिहिणाऱ्या लेखिकेच्या बाबतीत मात्र बदल केला एवढ्यावरच थांबतो. एकच कसोटी दोघांनाही लावली पाहिजे.

ती लावून पाहिली की तुमची यादी दोन भागांत विभागते.

खांडववन जाळणारा अर्जुन नागांच्या नजरेतून क्रूर दाखवला आहे, हा तुमचा सर्वांत तीव्र आक्षेप. परंतु मूळ कथेनेच हे लपवलेले नाही. नागराज तक्षक त्या वेळी वनात नव्हता. त्याची पत्नी आपल्या मुलाला, अश्वसेनाला, वाचवण्यासाठी त्याला गिळून आकाशात झेपावली आणि अर्जुनाने बाणाने तिचे मस्तक तोडले. तो वणवा संपला तेव्हा वाचले ते सहाजण: अश्वसेन, मयासुर आणि शार्ङ्गक पक्ष्याची चार पिल्ले. हे सगळे आदिपर्वातच आहे. इरावती कर्वे यांनी 'युगान्त'मध्ये या दहनाविषयी जे अस्वस्थ करणारे प्रश्न विचारले, ते तुम्ही नक्कीच वाचले असतील. आज एक लेखिका तोच प्रश्न १४ वर्षांच्या नागकन्येच्या तोंडून विचारते आहे. नागलोकातल्या भिंतीवर जळून गेलेल्यांची नावे कोरलेली आहेत आणि नायिका त्यांत आपल्या घराण्याचे नाव शोधते, ते प्रकरण १०२ व्या पानावर सुरू होते. तुम्ही आठ पाने आधी थांबलात.

उलूपीने युद्धात भाग घेतला हे मुळात नाही, ही तुमची नोंद बरोबर आहे. पण मुळात उलूपीविषयी आहे तरी किती? ती अर्जुनाला पाण्याखाली ओढून नेते, त्याच्याशी वाद घालून आपले म्हणणे पटवते, आणि मग दीर्घकाळ कथेतून नाहीशी होते. तिचा मुलगा इरावान आईकडेच वाढतो. अर्जुनावरच्या रागापोटी चुलता त्याला टाकून देतो. तो पित्याला जाऊन भेटतो आणि भीष्मपर्वात अलंबुष राक्षसाच्या हातून मारला जातो. त्या आईला त्या रात्री काय वाटले, याविषयी महाभारत गप्प आहे. उलूपी पुन्हा दिसते ती थेट अश्वमेधाच्या वेळी, स्वतःच्याच मुलाच्या, बभ्रुवाहनाच्या, बाणाने मरून पडलेल्या अर्जुनाला दिव्य मण्याने जिवंत करताना. आणि शेवटी पांडव महाप्रस्थानाला निघाल्यावर ती गंगेत प्रवेश करते. मुलाच्या मृत्यूपासून नवऱ्याला जिवंत करण्यापर्यंतचे हे जे मोठे मौन आहे, त्यात लेखिकेने आपली कादंबरी वसवली आहे. मुलाला शोधत रणांगणावर आलेली उलूपी व्याससंहितेत नाही, हे खरे. पण ती तिथे असती तर काय झाले असते, हा प्रश्न मला गैर वाटत नाही, आणि ते प्रकरण वाचताना माझे डोळे भरून आले.

नागकुमार आजच्या मुलांसारखे बोलतात, या आक्षेपावर मी फार थांबत नाही. कवी मुक्तेश्वरांनी महाभारत ओवीत आणले तेव्हा पांडव त्यांच्या काळचे मराठी बोलू लागले, हे तुम्ही मला शिकवावे असे आहे.

नायिका वडीलधाऱ्यांचे ऐकत नाही, या मुद्द्यावर मात्र थोडे थांबावे लागेल, कारण इथे मूळ कथाच तुमच्या नातीच्या बाजूने उभी राहते. सर्पसत्राचे, म्हणजे नागांना जाळणाऱ्या जनमेजयाच्या यज्ञाचे, मूळ कशात आहे ते आठवून पाहा. सवत विनतेशी लावलेली पैज जिंकण्यासाठी नागांची आई कद्रू हिने आपल्या मुलांना आज्ञा केली, की उच्चैःश्रवा घोड्याच्या शेपटीला काळे केस होऊन चिकटा. त्यांनी ते कपट करायला नकार दिला, म्हणून आईने त्यांना शाप दिला, की जनमेजयाच्या यज्ञात जळून जाल. म्हणजे आईची अन्याय्य आज्ञा न मानल्याची शिक्षा म्हणून एक कुळ जळणार, अशी ही सुरुवात आहे. आणि ते जळणे थांबवतो कोण, तर आस्तिक. नाग आई आणि मानव पिता यांच्या पोटी जन्मलेला, दोन्ही कुळांचा आणि म्हणून कोणत्याच एका कुळाचा पूर्णपणे नसलेला मुलगा. त्याचा पिता जरत्कारू तो पोटात असतानाच निघून जातो. जाताना "अस्ति", म्हणजे "गर्भ आहे", एवढेच म्हणतो, आणि त्या शब्दावरून मुलाचे नाव ठेवले जाते. हा कोवळ्या वयाचा मुलगा हाती शस्त्र न घेता यज्ञमंडपात जातो आणि केवळ आपल्या वाणीने राजाला प्रसन्न करून यज्ञ थांबवण्याचा वर मागून घेतो.

पौराणिक कथांवर बेतलेल्या कुमार फॅन्टसीचा साचा तुम्हाला परका आणि उथळ वाटला, हे पत्रातून जाणवते. परंतु त्या साच्यात असते ते हेच: दोन जगांच्या उंबऱ्यावर जन्मलेले मूल, जवळ नसलेला पिता किंवा माता, उशिरा कळलेला वंश, आणि मोठ्यांनी मांडून ठेवलेले जुने वैर मिटवण्याची मुलावर येऊन पडलेली जबाबदारी. अशा कादंबऱ्यांत आईवडील बहुधा दूर असतात. त्यामागे मोठ्यांचा अनादर नसतो, निर्णयाचा भार मुलावरच पडावा हा हेतू असतो. नायकाचे वय वाचकापेक्षा वर्ष-दोन वर्षांनी अधिक ठेवलेले असते, म्हणजे वाचणाऱ्या मुलाला आपले जवळचे उद्याचे दिवस त्यात दिसतात. "मी कोणाची" हा प्रश्न तेराव्या वर्षी जितका खरा असतो तितका पुढे क्वचितच राहतो, आणि वंशावळींनी भरलेल्या पुराणकथांइतके त्या प्रश्नाला हाताशी दुसरे काही नाही.

आता यादीचा दुसरा भाग. नवव्या मुद्द्यावर तुम्ही पूर्णपणे बरोबर आहात आणि लेखिका चुकली आहे. कर्णाच्या बाणावर बसलेला नाग तक्षक होता असे कादंबरीत म्हटले आहे. तो अश्वसेन होता. हा विचारपूर्वक केलेला बदल नाही, निष्काळजीपणा आहे, आणि त्यामुळे कादंबरीचेच नुकसान झाले आहे. ज्याची आई त्याला वाचवताना मेली तो मुलगा मोठा होऊन सूड घ्यायला बाणावर बसतो. नेम चुकल्यावर पुन्हा कर्णाकडे येऊन उघडपणे मदत देऊ करतो. आणि कर्ण ती नाकारतो, कारण दुसऱ्याच्या बळावर त्याला जय नको असतो. नागांच्या बाजूने लिहिणाऱ्या लेखिकेने हा प्रसंग हातचा घालवावा, याची मला खरोखर हळहळ वाटली. त्याचप्रमाणे कादंबरीतले सगळे नाग निष्पाप आणि सगळे कुरू दुष्ट आहेत, हा तुमचा अकरावा मुद्दाही मला मान्य आहे. परीक्षिताला मारणारा तक्षक तिथे जवळजवळ देवमाणूस होऊन बसतो. मूळ कथा याहून कितीतरी अवघड आहे आणि मुलांना ती अवघड कथा पेलते. म्हणून खोट्या कौतुकाची गरज नाही. तुम्हाला जे खटकले ते तिला सांगा. मात्र पुस्तक पूर्ण वाचल्यावर सांगा, आणि कागदावर न लिहिता सांगा.

पुढे काय करावे, याविषयी माझे म्हणणे साधे आहे. आज किंवा उद्या तिच्याकडे जा आणि पुस्तक परत मागा. "मी ९४ पानांवर थांबलो होतो, ते बरोबर झालं नाही; मला पुन्हा पहिल्यापासून वाचायचं आहे," एवढे वाक्य पुरे. यादीविषयी लांबलचक खुलासा देऊ नका, कारण मग तिला तुमची समजूत काढावी लागेल. वाचताना पेन्सिल दूर ठेवा. प्रकरणे लहान आहेत आणि प्रत्येकाचा शेवट पुढचे पान उलटायला लावतो; त्या ओढीला थोडा वेळ शरण जा. पुराणकथा रात्र-रात्र ऐकल्या जात होत्या त्या याच ओढीने. जिथे बदल दिसेल तिथे "हे चूक" असे म्हणण्याआधी, लेखिकेने हे इथेच का बदलले असावे असा प्रश्न मनाशी धरा आणि पाच-दहा पाने तो तसाच राहू द्या. काही ठिकाणी उत्तर मिळेल. काही ठिकाणी, नवव्या मुद्द्यासारखे, मिळणार नाही, आणि मग तुमचा आक्षेप अधिक भक्कम होईल.

वाचून झाल्यावर तिला असा प्रश्न विचारा, ज्याचे उत्तर तुम्हाला खरोखर ठाऊक नाही. मला स्वतःला विचारावासा वाटतो तो असा: नायिका शेवटी मणी स्वतःजवळ न ठेवता परत का करते? मी त्या प्रकरणावर दोनदा विचार केला आणि माझे समाधान झाले नाही. तुमच्या नातीने हे पुस्तक बहुधा तीन-चार वेळा वाचले असेल. तिच्याकडे उत्तर असेल. आयुष्यभर तुम्ही प्रश्न विचारलेत ते उत्तरे माहीत असलेले, आणि शिक्षकाच्या कामात ते रास्तच होते. इथे मात्र जाणकार ती आहे. तिचे बोलणे पूर्ण होऊ द्या. ती बोलता बोलता तुमच्याकडे वळून "मग खऱ्या गोष्टीत काय झालं होतं" असे विचारण्याची शक्यता मला फार मोठी वाटते. आणि तिने तसे विचारले, तर तुमच्या साऱ्या व्यासंगाला याहून चांगला श्रोता मिळायचा नाही.

हे मी अनुभवावरून लिहिते आहे. कर्ण मला प्रथम भेटला तो एका गाजलेल्या मराठी कादंबरीत, तुमच्या नातीच्याच वयात. पुढे काही वर्षांनी मी सभापर्वाचे भाषांतर उघडले आणि द्यूताच्या सभेत द्रौपदीविषयी कर्ण काय बोलतो ते वाचले, तेव्हा मला दुःख झाले आणि रागही आला. आधी कादंबरीचा आला, मग कर्णाचा. पण ती कादंबरी वाचलीच नसती, तर ते भाषांतर मी उघडले नसते. तिथे कर्ण कसा असेल हे शोधायलाच मी गेले होते. मुळाकडे जाण्याची ओढ माझ्या मनात त्या पुनर्कथनानेच लावली, आणि माझ्या ओळखीच्या बहुतेक वाचकांची गोष्ट याहून फारशी वेगळी नाही.

राहिला वाढदिवसाचा प्रश्न. महाभारताचे संपूर्ण भाषांतर तिला आत्ता भेट देऊ नका. त्या कागदानंतर अवघ्या महिना-दोन महिन्यांत आलेले ते जाड खंड तिला बाराव्या चुकीसारखे वाटतील. भाषांतर तुमच्या टेबलावर असू द्या, आदिपर्वाचा खंड वर असू द्या, आणि तिच्या कादंबरीतले काही पडताळून पाहायचे असेल तेव्हा तिच्यादेखत उघडा. वाढदिवसाला तिला आवडेल तीच भेट द्या. या कादंबरीचा पुढचा भाग निघाला असेल, तर तोच द्या, आणि तिच्यानंतर तो वाचायला मला मिळावा, असे आधीच सांगून ठेवा.

आणि पुस्तक परत कराल त्या संध्याकाळी तिला खांडववनातल्या त्या चार पिल्लांची गोष्ट सांगा, कारण कादंबरीत ती कुठेच नाही. पिता मंदपाल सोडून गेलेला आहे, वणवा जवळ येतो आहे, पंख न फुटलेली चार पिल्ले घेऊन जरिता कुठे जाणार हे तिला कळत नाही. आणि ती पिल्लेच आईशी वाद घालतात, की तू उडून जा, आमच्याबरोबर जळू नकोस. मग ती चौघे एकेक करून अग्नीची स्तुती करतात आणि अग्नी त्यांना सोडून पुढे जातो. जरितारी, सारिसृक्व, स्तंबमित्र आणि द्रोण ही त्यांची नावे तुम्हाला पाठ असतील. तिलाही ती सांगा. नागलोकातल्या त्या भिंतीविषयी वाचताना तिला ती आठवतील.